रानफुलं सापडत नाहीत? आधी पानं ओळखा

पावसाळा लागला की वाचकांची पत्रं प्रामुख्याने दोन अडचणी घेऊन येतात. एक म्हणजे, भीमाशंकरला किंवा आंबोलीला जाऊन दिवसभर चिखल तुडवला, पण हिरव्या रंगाखेरीज काही दिसलं नाही. लेखांतून वाचतो ती फुलं असतात तरी कुठे? दुसरी अडचण फोटोसोबत येते: नाव कळवा. फोटोत एक फूल अगदी जवळून टिपलेलं असतं. पान नाही, देठ नाही, जागा नाही, महिना नाही.

दोन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. आपण फूल शोधत जातो. कासच्या सड्यावर ते चालून जातं, कारण तिथे फुलं उघड्यावर आणि हजारोंनी येतात. झाडांच्या सावलीतली फुलं विखुरलेली असतात, एकेकटी असतात आणि त्यांतली बरीचशी मोजकेच दिवस टिकतात. रोप मात्र वर्षानुवर्षं त्याच जागी असतं. काही महिने ते पानाच्या रूपात वर दिसतं, उरलेले महिने कंद होऊन जमिनीखाली राहतं. तेव्हा तुम्ही रोप शोधायला शिका. या पावसात पान ओळखलंत, तर पुढच्या पावसात फुलापर्यंत पोचाल. यात घाई चालत नाही, पण हा मार्ग खात्रीचा आहे.

आधी फूल, मग पान

सह्याद्रीतल्या कितीतरी कंदवर्गीय वनस्पती पहिला पाऊस पडताच आधी फूल वर काढतात आणि पान नंतर. गेल्या वर्षीचं अन्न कंदात साठलेलं असतं, त्यामुळे फुलण्यासाठी पानाची वाट पाहावी लागत नाही. त्या दिवसांत पानगळीच्या जंगलात वरची पालवी दाट झालेली नसते आणि खाली गवतही माजलेलं नसतं.

ठाणे, पालघर, रायगडच्या वाचकांना यातलं एक उदाहरण बाजारातूनच ठाऊक असेल. जूनमध्ये शेवळाच्या जुड्या येतात, सोबत खाज मारण्यासाठी काकडाची फळं. ही भाजी म्हणजे अ‍ॅमॉर्फोफॅलस कम्युटॅटस या वनस्पतीचा न उमललेला फुलोरा. जंगलात तो उमलतो तेव्हा ठिपकेदार दांड्यावर जांभळट-तपकिरी लांब सोट दिसतो, त्याला कुबट वास येतो, आणि काही आठवड्यांत तो संपूनही जातो. त्यानंतर त्या जागी एकच मोठं, फाटे फुटलेलं पान उभं राहतं. ऑगस्टमध्ये ट्रेक करणारे शेकडो लोक ते पान पाहतात, पण त्याखाली शेवळा होता हे फार थोड्यांना कळतं.

नर्व्हिलिया नावाच्या छोट्या आमरींचं (ऑर्किडचं) तर याहून कठीण. त्यांचं फूल पालापाचोळ्याच्या रंगाशी मिळतंजुळतं, बारीक दांड्यावर आलेलं आणि दोन-चार दिवसांचं. फूल सुकल्यावर जमिनीलगत एकच पान पसरतं: गोलसर किंवा हृदयाकृती, चुण्या पडलेलं, काही जातींत मखमली. हे पान जुलैपासून पुढे सहज सापडतं. म्हणून असं करा:

1. जुलै-ऑगस्टमध्ये पानांची जागा शोधा.
2. खूण वहीत लिहा: वाटेचं वळण, शेजारचं झाड, मोठा धोंडा, पाण्याची दिशा. झाडाला फीत बांधू नका, खिळा ठोकू नका, दगडांचा ढीग रचू नका. तुम्हाला दिसणारी खूण कंद उपटणाऱ्यालाही दिसते.
3. पुढच्या वर्षी मेअखेर ते जून या काळात, पहिल्या दमदार पावसानंतर आठवड्या-दहा दिवसांत तिथे जा. जमल्यास चार दिवसांनी पुन्हा जा.
4. फूल नसेल तर जागा चुकली असं लगेच धरू नका. लहान कंद दर वर्षी फुलत नाही. पान आलं का, हे जुलैमध्ये पाहून घ्या.

कधी जावं

तारखेपेक्षा पाऊस कधी सुरू झाला, यावरून दिवस मोजा. दक्षिण कोकणात आणि आंबोलीकडे तो आधी पोचतो, जुन्नर-अकोल्याकडे नंतर. फुलंही त्याच क्रमाने पुढे-मागे होतात. ढोबळ अंदाज असा:

- मार्च ते मे: भुईतून थेट फूल काढणारा भुईचाफा, रानकांदा, आणि वळवानंतर अमरकंद. या दिवसांत वणवा लागून गेलेल्या जागाही बघा; उघड्या जमिनीवर फुलोरे पटकन नजरेत भरतात.
- जून: शेवळा, सापकांदा, नर्व्हिलिया, काळी मुसळी, फोडशी. झाडांवर सीतेची वेणी.
- जुलै: जमिनीलगत पानं असलेल्या पांढऱ्या आमरी, रानहळद.
- ऑगस्ट-सप्टेंबर: कंदीलपुष्पं, भारंगी, ओल्या कातळावरचे बेगोनिया, मोठ्या पांढऱ्या आमरी, पानं नसलेल्या परजीवी वनस्पती. वर्षात एकदाच जाता येणार असेल, तर याच दिवसांत जा.
- ऑक्टोबर: फुलं कमी, फळं जास्त. ओळख पक्की करायला हा महिना उत्तम, फक्त खाजकुइलीच्या शेंगांपासून लांब राहा.

कारवीबद्दल दर वर्षी विचारणा होते. ती साधारण सात वर्षांनी एकगठ्ठा फुलते, पण सगळ्या डोंगरांचं वर्ष एक नसतं. एका खोऱ्यात फुलून गेली म्हणून शेजारच्या खोऱ्यातही संपली, असं समजू नका.

दिवसाची वेळही महत्त्वाची आहे. केन्याचं निळं फूल दुपारपर्यंत मिटून जातं, तर रानकांद्याचं संध्याकाळी उमलतं. सकाळी आठला पाहिलेली वाट संध्याकाळी पाचला पुन्हा पाहिलीत, तर वेगळीच फुलं भेटतात.

कुठे बघावं

बहुतेक जण जंगलाच्या आत, जितकं खोल जाता येईल तितकं जातात. सदाहरित जंगलात हे उलटं पडतं. भीमाशंकर, महाबळेश्वर, आंबोली इथल्या दाट राईत जमिनीवर ऊन फारसं पोचत नाही, त्यामुळे तिथे खाली फुलणाऱ्या वनस्पती कमी. या जागांवर थांबा:

- जंगल संपून गवत सुरू होतं ती कड.
- वाटेच्या बाजूची दरड. ती डोळ्यांच्या उंचीवर येते, त्यामुळे वाकण्याची गरज पडत नाही आणि बारीक रोपंही सुटत नाहीत.
- ओहोळाचे काठ, पाणी झिरपणारे कातळ, किल्ल्यांच्या जुन्या भिंती.
- झाड पडून वर आभाळ मोकळं झालेली जागा.
- बांबूच्या बेटांचे आणि उंच गवताचे बुंधे. एजिनेशिया इंडिका ही परजीवी इथे सापडते.
- कारवीच्या आणि करवंदीच्या जाळ्या. कंदीलपुष्पाचा वेल त्यांच्या आधाराने चढतो.

एका तासात अर्ध्या किलोमीटरहून जास्त चालू नका. एका दरडीपाशी दहा मिनिटं उकिडवं बसून डावीकडून उजवीकडे नजर फिरवा. उभ्याने दिसतं त्यापेक्षा कितीतरी जास्त दिसतं.

गावातल्या माणसांना विचारणं हा याहूनही चांगला मार्ग आहे. ठाकर, कातकरी, महादेव कोळी समाजातल्या रानभाज्या वेचणाऱ्या बायकांना या वनस्पती पान, कंद, चव आणि महिना यांवरून ठाऊक असतात. "मावशी, याची भाजी करतात का? कधी येतं हे?" असं विचारलंत तर तुम्हाला रोपाचा सगळा इतिहास कळेल. कुणी सोबत वाट दाखवायला आलं, तर मोबदला आधी ठरवून द्या. रोप उपटून आणायला मात्र कुणाला सांगू नका.

सुरक्षेबद्दल थोडक्यात: पालापाचोळ्यात हात घालू नका. कोकणात फुरसं असतं आणि दाट झाडीत चापडा पानांच्या रंगात मिसळून जातो. गुडघ्याखाली जाड मोजे घाला, जळवांसाठी मीठ जवळ ठेवा. धबधबे आणि घाटवाटांवर जिल्हा प्रशासन पावसाळ्यात तात्पुरती बंदी घालतं; निघण्याआधी चौकशी करा.

फोटो कसे काढाल

नाव ठरतं ते फुलाच्या समोरून काढलेल्या सुंदर फोटोवरून क्वचितच. खालचे फोटो असतील तर जाणकार माणूस उत्तर देऊ शकतो:

- संपूर्ण रोप, आजूबाजूच्या जागेसह
- पानाच्या दोन्ही बाजू, आणि पान खोडाला जिथे जुळतं तो सांधा
- फूल समोरून, बाजूने आणि मागून
- कळी किंवा फळ असेल तर तेही
- मापासाठी शेजारी पेन किंवा नाणं

बाजूचा फोटो सगळ्यात जास्त विसरला जातो आणि आमरींच्या बाबतीत सगळा निर्णय त्याच फोटोवर असतो. वहीत महिना, साधारण उंची, वास, जमीन जांभ्याची की काळ्या कातळाची, आणि रोप जमिनीवर होतं की झाडावर, एवढं लिहा. फोटो नीट यावा म्हणून भोवतालची रोपं उपटणं किंवा पालापाचोळा झाडून काढणं टाळा. त्या पाचोळ्यामुळेच कंदाजवळची ओल टिकते.

हमखास होणाऱ्या गल्लती

छत्रीसारखी पानं. एका ठिपकेदार दांड्यावर छत्रीसारखं पान दिसलं की "सुरण" म्हणून मोकळं होणं ही सगळ्यात मोठी गल्लत. दलं कुठून फुटतात ते पाहा. सगळी दलं दांड्याच्या टोकाला एकाच बिंदूतून निघत असतील, तर तो सापकांदा. दांड्याला आधी तीन फाटे फुटून प्रत्येक फाटा पुन्हा विभागलेला असेल, तर सुरण किंवा शेवळा. त्यांत रानटी सुरणाचा दांडा खरबरीत, शेवळाचा गुळगुळीत. फुलोऱ्यावरून हे दोन्ही सहज वेगळे होतात: सुरणाचा जमिनीला टेकलेला, बसका आणि रुंद, शेवळाचा लांब दांड्यावर, सडपातळ. तीनच फाटे, पण दांडा उभ्या पन्हाळींचा असेल तर टाका ही तिसरीच वनस्पती असण्याची शक्यता आहे. तिच्या फुलोऱ्यातून लांब दोरे लोंबतात.

पिवळी चांदणी. जूनमध्ये जमिनीलगत सहा पाकळ्यांचं पिवळं फूल दिसतं. पानं रुंद, चुण्यांची, माडाच्या कोवळ्या रोपासारखी असतील आणि फूल थेट मातीतून आल्यासारखं वाटत असेल, तर ती काळी मुसळी. तिचा बीजकोश जमिनीखाली, पानांच्या आवरणात असतो, म्हणून देठ दिसत नाही. पानं गवतासारखी अरुंद, फूल स्पष्ट दिसणाऱ्या केसाळ देठावर आणि पाकळ्यांची मागची बाजू हिरवट असेल, तर हायपॉक्सिस.

रानहळदीचं "गुलाबी फूल". वरचा गुलाबी तुरा म्हणजे फूल नव्हे. ती रंगीत पानं आहेत. खरी फुलं खालच्या हिरवट खोबणींतून डोकावणारी, पिवळी. नाव ठरवताना या पिवळ्या फुलांचा फोटो हवा.

पांढऱ्या आमरी. इथे थोडं थांबू, कारण सर्वाधिक फोटो यांचेच येतात. हॅबेनारिया या एकाच प्रजातीत पांढऱ्या किंवा हिरवट फुलांच्या बऱ्याच जाती सह्याद्रीत आहेत आणि समोरून त्या सारख्या दिसतात. फुलाच्या मागे शेपटीसारखी एक नळी असते, तिला शुंडिका म्हणतात. फुलाचा देठ म्हणून जो पिळदार भाग दिसतो तो बहुतांशी बीजकोश असतो. आता चार प्रश्न स्वतःला विचारा. पानं जमिनीला चिकटलेली आहेत की खोडावर चढत गेलेली? शुंडिका बीजकोशापेक्षा लांब आहे की आखूड? ओठासारख्या खालच्या पाकळीचे किती भाग आहेत आणि कडा साध्या की झालरीच्या? बाजूच्या पाकळ्या अखंड की चिरलेल्या?

जून-जुलैमध्ये जमिनीला सपाट टेकलेलं एखाद-दुसरं गोल पान आणि वर रुंद ओठाचं पांढरं फूल असेल, तर हॅबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिसचा विचार आधी करा. शुंडिका बोटाहून लांब लोंबत असेल तर हॅबेनारिया लाँगिकॉर्निक्युलाटा. फुलं एकाच बाजूला दाटीने ओळीत लागलेली असतील तर हॅबेनारिया हेनियाना. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कमरेएवढ्या रोपावर तळहाताएवढं, सुगंधी, झालरीच्या कडांचं पांढरंशुभ्र फूल दिसलं, तर ती पेक्टाइलिस जायजँटिया. जुन्या पुस्तकांत तिलाही हॅबेनारियातच घातलेलं आढळेल.

कंदीलपुष्प. सेरोपेजिया प्रजातीचं फूल एकदा पाहिलं की चुकत नाही: बुडाशी फुगीर नळी, आणि वर पाच पाकळ्या टोकांशी जुळून झालेला पिंजरा. बारीक माश्या नळीत उतरतात आणि खाली वळलेल्या केसांमुळे काही काळ अडकतात. केस सुकले की त्या सुटतात, आणि पराग घेऊन पुढच्या फुलाकडे जातात. अडचण येते ती जात ठरवताना. त्यासाठी रोप वेल आहे की ताठ उभं, पिंजरा नळीपेक्षा लांब की आखूड, आणि पानावर केस आहेत का, हे टिपा. फूल नसताना ऑक्टोबरात जोडीने आलेल्या शिंगांसारख्या बारीक शेंगा पाहा. त्यावरून वेलाची जागा पुढच्या वर्षासाठी पक्की होते.

हिरवा रंगच नसलेली रोपं. एजिनेशियाचा पानाविना उभा दांडा आणि त्यावरचं जांभळट-गुलाबी, चिलमीसारखं झुकलेलं फूल पाहून अनेकांना ती अळंबी वाटते. ती गवताच्या, बांबूच्या मुळांवर जगते. त्यामुळे फोटोत शेजारचं गवत किंवा बांबू आलाच पाहिजे.

एक इशारा. फूल ओळखता येणं आणि खाण्यायोग्य वनस्पती ओळखता येणं, या वेगळ्या गोष्टी आहेत. कळलावीचा कंद जीवघेणा विषारी आहे. छंद म्हणून ओळख शिकत असताना कोणतंही पान, फळ किंवा कंद चाखू नका.

नावांचा घोळ

गावोगावची नावं बदलतात. सीतेची वेणी आणि द्रौपदीची वेणी ही नावं तुम्हाला एकमेकींच्या जागी वापरलेली ऐकू येतील. स्थानिक नाव गावाच्या नावासह लिहून ठेवा, ते मोलाचं आहे. पण सोबत शास्त्रीय नावही शोधा. शास्त्रीय नावंही बदलतात. भारंगी जुन्या पुस्तकांत क्लेरोडेन्ड्रम सेराटम आहे, नव्या पुस्तकांत रोथेका सेराटा. दोन पुस्तकांत दोन नावं दिसली म्हणजे त्यांतलं एक चूक आहे, असं नाही.

पुस्तक एकच घ्यायचं असेल तर श्रीकांत इंगळहळीकर यांचं 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री' घ्या. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. तो आजही उपयोगी पडतो, पण परिभाषा अंगवळणी पडल्यावरच तो हाती घ्या.

मोबाइलवरची ॲप प्रजातीपर्यंत बरी पोचवतात, जातीपर्यंत नेहमीच नाही. दूरदेशीच्या किंवा बागेतल्या वनस्पतीचं नाव आलं, तर ती सह्याद्रीत रानटी वाढते का, हे आधी तपासा. आयनॅचरलिस्टवर तुमची नोंद इतर माणसं तपासतात, म्हणून ते मला जास्त भरवशाचं वाटतं.

कायदा आणि हक्क

- अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात शिरताना परवानगी आणि शुल्क लागतं. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभ्यास, छायाचित्रण आणि पर्यटन यांसाठी परवाना मागता येतो. तो मागण्याचा तुम्हाला हक्क आहे, तेव्हा चोरवाटेने जाण्याचं कारण नाही.
- तिथून परवानगीशिवाय एखादं रोप, कंद किंवा बी उचलणं हा गुन्हा आहे. अधिनियमाच्या अनुसूचीतल्या वनस्पती अभयारण्याबाहेरच्या वनजमिनीवरूनही काढता येत नाहीत. राखीव वनांना भारतीय वन अधिनियम, १९२७ लागू आहे.
- सर्व आमरी सायटिस या आंतरराष्ट्रीय व्यापार करारात नियंत्रित आहेत. रस्त्यावर किंवा ऑनलाइन "रानटी ऑर्किड" विकायला दिसल्या तरी घेऊ नका. त्यांच्या मुळांचं जगणं बुरशीवर अवलंबून असतं, आणि कुंडीत आणलेली जमिनीवरची आमरी बहुधा दोन-तीन पावसाळ्यांपलीकडे जात नाही.
- जंगलात शेवळं किंवा फोडशी वेचणारी बाई दिसली, तर तिला कायदा शिकवायला जाऊ नका. वनहक्क कायदा, २००६ वननिवासींचा गौण वनउपजावरचा पारंपरिक हक्क मान्य करतो. तुमच्या सहलीपेक्षा तिचा त्या जागेवरचा अधिकार मोठा आहे.
- कोकणातली बरीच रानं खासगी मालकीची असतात आणि देवराया गावाच्या. आधी विचारा. देवराईत चपला काढायला सांगितलं तर काढा, फोटो नको म्हटलं तर काढू नका.

जागा सांगावी का?

कंदीलपुष्पांच्या काही जाती एखाद-दुसऱ्या डोंगरापुरत्या उरल्या आहेत. अशा रोपाचा फोटो नेमक्या ठिकाणासह पसरला, की पुढच्या रविवारी तिथली माती पायांनी तुडवली जाते आणि कधी कंदही नाहीसा होतो. म्हणून या लेखातही दुर्मिळ जातींच्या जागा दिलेल्या नाहीत. तुम्ही समाजमाध्यमांवर तालुका किंवा जिल्हा एवढंच लिहा. फोटो पाठवण्याआधी मोबाइलमधली स्थाननोंद काढून टाका. आयनॅचरलिस्टवर ठिकाण धूसर करण्याची सोय आहे, ती वापरा.

नेमकी जागा अभ्यासकांना मात्र जरूर कळवा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातला ब्लॅटर वनस्पतिसंग्रह, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग, या ठिकाणी तज्ज्ञ आहेत. गावाच्या पातळीवर जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार नेमलेली जैवविविधता व्यवस्थापन समिती लोकजैवविविधता नोंदवही ठेवते. तुमची नोंद आणि मावशींनी सांगितलेलं नाव तिथे देता येतं. ग्रामपंचायतीत चौकशी करा.

संस्थेला लिहिताना वर सांगितलेले सगळे फोटो, तारीख, गाव आणि वहीतली टिपणं एकत्र पाठवा. तुमचा स्वतःचा अंदाज आणि तो कशावरून बांधला, हेही लिहा. तपासणाऱ्याचं काम त्याने सोपं होतं. नमुना म्हणून रोप किंवा फूल टपालाने पाठवू नका. नमुना हवा असेल तर ती संस्था रीतसर परवानगी घेऊन स्वतः गोळा करते.